वेबसाइटवर चाळीस हजार, दारात अठ्ठावन्न हजारांच्या घरात

संध्याकाळी सहाला स्केटिंग रिंगच्या कट्ट्यावर बसलं की दोनच विषय कानावर पडतात. पोराचा दहावीचा अभ्यास आणि चाकांची किंमत. बेळगावात स्केटिंगचं वेड जुनं आहे. पोरं पाच वर्षांची होतात न होतात तोच पायाला चाकं बांधून रिंगवर उतरतात. सुरुवातीचा जोड इथल्याच दुकानात मिळतो. पण पोर राज्यपातळीवर गेलं की कोच म्हणतो, ‘आता हे चालणार नाही, बाहेरचा घ्या.’ बाहेरचा म्हणजे हुबळीचा नव्हे, इटलीचा किंवा हॉलंडचा.

मी बेळगावच्या शहापुरात लोकांचे हिशोब लिहितो, जीएसटीची रिटर्नं भरतो. त्यामुळं कट्ट्यावर माझ्याशेजारची जागा सहसा रिकामी राहत नाही. मध्यंतरी खानापूरहून मुलीला रोज घेऊन येणारे एक गृहस्थ शेजारी बसले आणि मोबाइल पुढं केला.

“सर, हे बघा. चारशे युरो, वर चाळीस पाठवणी. शंभरनं गुणलं की चव्वेचाळीस हजार. पंचेचाळीस धरून ठेवलेत.”

“आणि कस्टम्स?”

“ते आपल्याला कशाला? आपण काय धंदा करतोय होय?”

हा गैरसमज इतका घट्ट बसलाय की लेख तिथूनच सुरू करावा लागतो. कस्टम्स ड्यूटी ही व्यापाऱ्यावर नसते, मालावर असते. देशाची हद्द ओलांडून आत येणारी वस्तू कुणाची का असेना, दुकानदाराची, क्लबची किंवा सातवीतल्या मुलीची, १९६२ चा सीमाशुल्क कायदा तिला लागू होतोच. दर वेगळा असेल, कागद वेगळे असतील, पण ‘माझं स्वतःचं आहे’ म्हटल्यावर कर जात नाही.

आपल्याकडं हा घोटाळा व्हायला आणखी एक कारण आहे. आपण कर्नाटक-महाराष्ट्र सीमेवरची माणसं. आपल्या डोक्यात नाका म्हटलं की कोगनोळीचा नाका येतो. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि राज्याराज्यांमधले कराचे नाके उठले. आता कोल्हापूरच्या दुकानदारानं बॅट निपाणीला पाठवली काय आणि खडेबाजारातल्या दुकानातून तीच बॅट उचलली काय, जीएसटीचा दर एकच. तिकडून आली तर बिलात आयजीएसटीची, म्हणजे राज्याबाहेरून किंवा परदेशातून आलेल्या मालावरच्या जीएसटीची, एकच ओळ दिसते, इथं घेतली तर केंद्राचा सीजीएसटी आणि राज्याचा एसजीएसटी अशा दोन. खिशातून जातं तेवढंच. पेट्रोल कुठल्या बाजूला भरायचं हा हिशोब अजून चालतो, कारण पेट्रोल जीएसटीत नाही. पण ‘पलीकडं स्वस्त’ ही सवय खेळाच्या सामानाला लावून उपयोग नाही. आणि देशाच्या हद्दीवरचा नाका तर कुठंच गेलेला नाही. पार्सल मुंबईला उतरो, दिल्लीला उतरो किंवा बेंगळूरूला, ड्यूटी केंद्राची आहे, दर तोच.

हिशोब, एकदा हातानं करून बघू

चारशे युरोचा जोड घेऊ. युरो शंभर रुपयांना धरू, म्हणजे आकडे सोपे राहतील. खऱ्या व्यवहारात मोबाइलवर दिसणारा भाव चालत नाही. कस्टम्सचा स्वतःचा ठरवून दिलेला विनिमय दर असतो आणि हिशोब त्यानं होतो.

पहिली गोष्ट, ड्यूटी नुसत्या मालाच्या किमतीवर बसत नाही. माल, भाडं आणि विमा, तिन्ही मिळून जी रक्कम होते तिच्यावर बसते. माल ४०,००० रुपये, भाडं ४,०००. विमा? गृहस्थ म्हणाले, “विमा काढलेलाच नाही.” नसेना. बिलात विम्याचा आकडा नसेल तर नियमानं मालाच्या किमतीच्या १.१२५ टक्के धरतात, म्हणजे ४५० रुपये. न काढलेल्या विम्यावर ड्यूटी. यावर कट्टाभर हसू पसरलं, पण नियम तसाच आहे. सगळं मिळून झाले ४४,४५०. याला मूल्यांकन म्हणा, इथून पुढचा हिशोब यावरून सुरू होतो.

भाड्याचं आणखी एक सांगतो. भाडं किती ते कागदावरून कळतच नसेल तर मालाच्या किमतीच्या २० टक्के धरतात. उलट विमानानं आलेल्या मालाचं भाडं प्रत्यक्षात त्याहून जास्त झालं असलं तरी २० टक्क्यांच्या वर मोजत नाहीत. म्हणून विक्रेत्याला सांगायचं, बाबा, भाडं बिलात वेगळ्या ओळीत दाखव. ‘फ्री शिपिंग’ असेल तर किमतीत भाडं धरलेलं आहे असं तरी लिही. ही एक ओळ नसल्यामुळं हजारभर रुपये उगाच जाताना मी पाहिलेत.

आता पायऱ्या. खेळाच्या सामानाचं टॅरिफमधलं, म्हणजे ड्यूटीच्या दरांच्या पुस्तकातलं, शीर्षक ९५०६. त्यावरची मूळ ड्यूटी २०१८ च्या बजेटमध्ये १० टक्क्यांवरून २० वर नेली. ४४,४५० चे २० टक्के म्हणजे ८,८९०.

त्यावर समाजकल्याण अधिभार, १० टक्के. इथं बहुतेकजण घसरतात. हे १० टक्के मालावर नाहीत, ड्यूटीवर आहेत. ८,८९० चे १० टक्के, ८८९ रुपये. बस्स.

तिसरी पायरी आयजीएसटी. हा मात्र मालावर अधिक ड्यूटीवर अधिक अधिभारावर, म्हणजे ४४,४५० + ८,८९० + ८८९ = ५४,२२९ वर. करावर कर म्हणतात तो हाच. २२ सप्टेंबर २०२५ पासून खेळाच्या सामानाचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, तोच दर इथंही. ५४,२२९ चे ५ टक्के २,७११ रुपये.

एकूण ड्यूटी आणि कर १२,४९०. मूल्यांकनाच्या २८.१ टक्के. जुन्या १२ टक्क्यांनी हाच आकडा १६,२८६ झाला असता. कुणी २० + १० + ५ = ३५ असा घाईचा हिशोब सांगितला तर त्याला ही पायरी-पायरी दाखवा.

हे आकडे लिहितानाच सांगून ठेवतो, दर बजेटला हे दर हलतात, मधेही अधिसूचना निघतात. पायऱ्या पाठ करा, टक्के ऑर्डरच्या दिवशी बघा.

एकच वस्तू, दोन दरवाजे

वरचा हिशोब सांगून झाल्यावर गृहस्थांनी वही मिटली. मी म्हटलं, थांबा, हा तुमचा नव्हे. हा दुकानदाराचा किंवा कोचच्या फर्मचा. ज्याच्याकडं आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी आहे आणि जो विकण्यासाठी माल आणतो, त्याचा माल ९५०६ खाली निघतो. घरच्या माणसानं स्वतःच्या वापरासाठी पोस्टानं किंवा विमानानं मागवलेल्या मालाला टॅरिफमध्ये वेगळंच शीर्षक आहे, ९८०४. तिथं वस्तू काय आहे हे फारसं बघत नाहीत. स्केट असो, बॅडमिंटनची रॅकेट असो की स्वयंपाकाचं भांडं, सगळ्याला एकच दर. त्यासाठी आयईसी लागत नाही, ही सोय. पण खेळाच्या सामानाचा ५ टक्के जीएसटीही तिथं लागत नाही, ही गैरसोय. त्या शीर्षकाचा जीएसटी वेगळा आहे. सप्टेंबर २०२५ च्या बदलात तो २८ वरून १८ वर आला. मूळ ड्यूटीचा टॅरिफ दर २० वरून १० टक्क्यांवर आणण्याची घोषणा २०२६-२७ च्या बजेटमध्ये झाली.

नव्या दरांनी घरगुती पार्सलचा बोजा तीस टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे खानापूरच्या जोडाला साधारण साडेतेरा हजार. चव्वेचाळीस हजारांत ते मिळवा, वर कुरिअर कंपनीचे पैसे मिळवा, आकडा अठ्ठावन्न हजारांच्या घरात जातो.

कुरिअरचे कसले पैसे? कुरिअरवाले ड्यूटी आधी स्वतः भरतात आणि मग तुमच्याकडून घेतात. त्या उपकाराची फी असते, आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी असतो. ही फी सरकारची नाही, कंपनीची आहे. म्हणून ऑर्डर द्यायच्या आधी विचारायला हरकत नाही. काही परदेशी दुकानं ‘ड्यूटीसह किंमत’ असा पर्याय देतात. महाग दिसतो, पण दारात कुणी हात पसरत नाही. मला तो पर्याय आवडतो, विशेषतः ज्यांना फोनवर इंग्रजीत भांडायचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी. फक्त बिलावर ‘ड्यूटी पाठवणाऱ्याने भरायची’ असं स्पष्ट हवं.

पोस्टाची वाट हळू असते, पण साधी. पार्सल परदेशी टपाल कार्यालयात थांबतं, तिथले कस्टम्सवाले ड्यूटी ठरवतात, आणि पोस्टमन पार्सलबरोबर ड्यूटीची चिठ्ठी घेऊन दारात येतो. पैसे द्यायचे, सही करायची, पार्सल घ्यायचं.

आता दुकानदाराला एक फायदा आहे जो तुम्हाआम्हाला नाही. त्यानं भरलेला आयजीएसटी, वरच्या उदाहरणातले २,७११, त्याला पुढच्या विक्रीच्या करातून वळते करून घेता येतात. मूळ ड्यूटी आणि अधिभाराचे ९,७७९ मात्र त्यालाही परत नाहीत, ते त्याच्या खर्चात जातात. म्हणून इथल्या दुकानदाराचा भाव ऐकून ‘लुटतोय’ म्हणण्याआधी त्याच्या पायऱ्याही मोजाव्यात. कधीकधी तो तुमच्याहून स्वस्तात देऊ शकतो, आणि साइज चुकली तर बदलूनही देतो.

खेळाचं सामान म्हणजे काय, हे खेळाडू ठरवत नाही

हा भाग मला सगळ्यात गमतीचा वाटतो. आपण दुकानात गेलो की एका छताखाली बॅट, बूट, गॉगल, पिशवी सगळं ‘स्पोर्ट्स’. टॅरिफचं पुस्तक असं चालत नाही. प्रकरण ९५ च्या अगदी सुरुवातीला टिपा आहेत आणि त्यात काय काय या प्रकरणात बसत नाही याची यादी आहे. खेळाचे बूट बाहेर, ते पादत्राणांच्या प्रकरण ६४ मध्ये. डोक्यावरची टोपी-हेल्मेट ६५ मध्ये. जर्सी आणि ट्रॅकसूट कपड्यांत. किटबॅग पिशव्यांच्या ४२०२ मध्ये. पोहायचा गॉगल चष्म्यांबरोबर ९००४ मध्ये. तंबूही बाहेर. आणि सगळ्यात कमाल म्हणजे रॅकेट आत, पण रॅकेटची तार बाहेर! ती कशाची बनली आहे यावर तिचं शीर्षक ठरतं. हातमोज्यांचंही तसंच. सायकल तर मुळातच ८७१२ मध्ये, तिचा खेळाशी संबंध कायद्याला मान्य नाही.

आनंदवाडीच्या आखाड्यातल्या एखाद्या पैलवानानं बाहेरचे कुस्तीचे बूट मागवायचं ठरवलं तर त्याला ते कुस्तीचं सामान वाटणार. टॅरिफच्या लेखी ते बूट. आणि बुटांवरचा बोजा खेळाच्या सामानापेक्षा जड आहे. जोड २,५०० रुपयांच्या वरचा असेल तर नुसता जीएसटीच ५ ऐवजी १८. व्यायामाचं सामानही असंच फसवं. ट्रेडमिल ९५०६ मध्येच आहे, पण सर्वसाधारण व्यायामाचं साहित्य ५ टक्क्यांच्या सवलतीतून वगळलंय, त्याला १८ टक्के. खेळलात तर पाच, नुसते पळालात तर अठरा.

पण हे शीर्षकाचं राजकारण घरगुती पार्सलला सहसा बाधत नाही, कारण तिथं सगळं ९८०४ च्या एकाच पोत्यात. बाधतं ते क्लबला, दुकानाला आणि कोचला. आमच्या ओळखीच्या एका कोचचंच उदाहरण आहे. दोन वर्षांपूर्वी त्यांनी आपल्या फर्मच्या नावावर सहा जोड मागवले. स्पीड स्केटिंगमध्ये वरचा बूट आणि खालची चाकांची फ्रेम वेगवेगळी विकत मिळते. त्यांनी पैसे वाचवायला बूट एका दुकानातून आणि फ्रेमा दुसऱ्या दुकानातून घेतल्या. दोन पार्सलं, आठ दिवसांच्या अंतरानं. फ्रेमा सुरळीत आल्या. बूट अडकले. बिलावर विक्रेत्यानं लिहिलं होतं ‘स्पोर्ट शूज’. कुरिअर कंपनीनं तेच पुढं लिहिलं. टीप काय म्हणते? चाकं जोडलेला स्केटिंगचा बूट ९५०६ मध्ये, पण बिनचाकांचा खेळाचा बूट प्रकरण ६४ मध्ये. चाकं तर आठ दिवस आधीच बेळगावात येऊन बसलेली!

कोच तणतणत माझ्याकडं आले. “अहो, याला फ्रेमचे बोल्ट बसवायची भोकं आहेत, हा घालून कोण बाजारात जाणार?” मुद्दा बरोबर होता, पण तो बिलावर कुठंच नव्हता. कंपनीचं कॅटलॉग, फोटो, खुलासा, परत फोटो. दरम्यान गोदामाचं भाडं दिवसाला चढत होतं. शेवटी त्यांनी बुटांचा दर भरला आणि माल सोडवला, कारण स्पर्धा तोंडावर आली होती. पुढच्या वेळी त्यांनी एकाच दुकानातून, फ्रेम जोडून, बिलावर ‘इनलाइन स्केट्स, चाकांसह’ असं लिहवून घेतलं. माल तोच होता, बिलावरचे शब्द तेवढे बदलले होते.

म्हणून मी सगळ्यांना सांगतो, ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला बिलाचा मजकूर विचारा. ‘ॲक्सेसरीज’, ‘गुड्स’, ‘गियर’ असले गोल शब्द म्हणजे आमंत्रण देऊन आणलेली चौकशी. वस्तू काय, कशाची, किती, दर किती, नवी की वापरलेली. वापरलेल्याचं खास लक्षात ठेवा. परदेशातल्या एखाद्या ग्रुपवर अर्ध्या किमतीत जुने स्केट दिसतात आणि जीव लालचावतो. पण आपल्या परकीय व्यापार धोरणात वापरलेला माल, यंत्रसामग्री सोडून, निर्बंधित यादीत आहे. त्याला परवाना लागतो. स्वस्ताईचा आनंद पार्सल अडकेपर्यंतच. आणि एअर रायफल वगैरेचा विचार असेल तर हा लेख तुमच्या कामाचा नाही. तिथं शस्त्र कायदा लागतो, नेमबाजी संघटनेकडं जा.

शहाणपणा जो अंगाशी येतो

कट्ट्यावर तीन युक्त्या नेहमी ऐकू येतात.

पहिली, ‘गिफ्ट लिहायचं’. पूर्वी ५,००० रुपयांपर्यंतची भेट करमुक्त येत असे. परदेशी दुकानांनी त्याचा इतका फायदा घेतला की १२ डिसेंबर २०१९ च्या अधिसूचनेनं ती वाट बंद झाली. आता पोस्ट-कुरिअरनं भेट म्हणून करमुक्त येऊ शकतात त्या दोनच गोष्टी, जीवरक्षक औषधं आणि राखी. बहिणीनं राखी पाठवली तर माफ, भावानं स्केट पाठवले तर नाही. भेट पाठवायला बंदी नाही, पण पूर्ण कर भरूनच.

दुसरी, ‘किंमत कमी लिहवून घ्यायची’. विक्रेतेही आगाऊ असतात, स्वतःच विचारतात, वीस युरो लिहू का? कस्टम्सवाल्यांपुढं इंटरनेट असतंच. त्यांनी तो ब्रँड शोधला की दोन मिनिटांत खरी किंमत समोर येते. लिहिलेली किंमत नाकारून ते स्वतः मूल्य ठरवू शकतात, माल जप्त करू शकतात, वर दंड. आणि कायद्याची भीती वाटत नसेल तर हे बघा, पार्सल वाटेत हरवलं तर भरपाई कागदावरच्या वीस युरोचीच मिळेल.

तिसरी युक्ती वाईट हेतूची नसते, म्हणून तिचं जास्त वाईट वाटतं. दहा पालक मिळून एकाच्या नावावर ऑर्डर देतात, म्हणजे पाठवणी वाटून जाते. गावगाड्यात आपण असंच करतो, एक टेम्पो आणि दहाजणांचं खत. पण कस्टम्सच्या टेबलावर एका माणसाच्या आधारवर एकाच साइजचे-रंगाचे दहा जोड आले की ‘वैयक्तिक वापर’ कोण मानेल? एका माणसाला दोनच पाय. मग आयईसी मागतात, खुलासा मागतात, पार्सल थांबतं. दहा जोड हवेत तर सरळ आयईसी असलेल्या फर्मच्या नावावर मागवा. आयईसी काढायला सरकारी शुल्क ५०० रुपये आहे आणि काम ऑनलाइन होतं.

एक चौथी गोष्ट, युक्ती नव्हे, तक्रार. साइज चुकली म्हणून माल परत पाठवला तर भरलेली ड्यूटी आपोआप परत येत नाही. न वापरलेला माल दोन वर्षांच्या आत परत निर्यात केला तर ९८ टक्के ड्यूटी परत मिळण्याची तरतूद कायद्याच्या कलम ७४ मध्ये आहे. पण त्यासाठी निर्यातीचे कागद नीट करावे लागतात आणि एका जोडासाठी तो खटाटोप कुणी करत नाही. कंपनीनं फुकट बदलून दिलेल्या जोडाचं बिल शून्य रुपयांचं असलं तरी कस्टम्स त्याला शून्य मानत नाही. म्हणून पोराचा पाय कागदावर ठेवून पेन्सिलीनं आखा, टाच ते अंगठा मिलिमीटरमध्ये मोजा, कंपनीच्या तक्त्याशी ताडून बघा. तेही संध्याकाळी, सरावानंतर, पाय थोडा फुगलेला असताना. कस्टम्सच्या लेखात हे कुठून आलं असं वाटेल, पण सगळ्यात महाग चूक हीच आहे.

कुणीतरी हातात घेऊन आलं तर

आपल्याकडं दर चौथ्या घरातला कुणी ना कुणी मस्कतला किंवा दुबईला असतो. तो येताना बॅगेत घेऊन येतो. ती वाट कायदेशीर आहे. प्रवाशाच्या सामानाला वेगळे नियम आहेत. करमुक्त मर्यादा २०१६ च्या नियमांत ५०,००० रुपये होती, २०२६ च्या नव्या नियमांत विमानानं किंवा जहाजानं येणाऱ्या इथल्या रहिवाशासाठी ७५,००० केली आहे. त्या मर्यादेत एक चांगला जोड बसतो. पण मर्यादा सगळ्या नव्या सामानाची मिळून आहे, नुसत्या स्केटची नाही. मामानं बॅगेत आणखी तीन मोबाइल कोंबले असतील तर गोष्ट वेगळी. बिल जवळ ठेवायला सांगा आणि मर्यादेच्या वर असेल तर लाल मार्गानं, म्हणजे ‘कर भरायचा माल आहे’ असं सांगणाऱ्यांच्या रांगेनं, जायला सांगा. बेळगावच्या सांबरा विमानतळावर परदेशी विमान उतरत नाही, त्यामुळं ही तपासणी मुंबईला, गोव्याला किंवा बेंगळूरूलाच होणार. तिथं हिरव्या मार्गानं घुसून पकडलं जाण्यापेक्षा लाल मार्गावर दहा मिनिटं थांबणं परवडतं.

सरकारी सवलतीबद्दल दर वेळी कुणीतरी विचारतंच. आहे. राष्ट्रीय क्रीडा महासंघ, भारतीय क्रीडा प्राधिकरण आणि नामांकित खेळाडू यांना ठरावीक अटींवर, प्रमाणपत्र असल्यास, खेळाचं साहित्य ड्यूटीशिवाय आणता येतं. जिल्ह्यात पहिला आलेल्या पोराला ती मिळत नाही. पोर भारताच्या शिबिरापर्यंत गेलं तर मात्र महासंघाकडं अर्ज करायला विसरू नका. लोक त्या टप्प्यावरही सवयीनं पूर्ण ड्यूटी भरत राहतात.

पार्सल वाटेत असताना एक फोन येण्याची शक्यता आहे. ‘कस्टम्समधून बोलतोय, तुमचं पार्सल अडकलंय, या नंबरवर यूपीआय करा.’ असा फोन आला की ठेवून द्या. कस्टम्स कुणाच्या खासगी खात्यात पैसे मागत नाही. विभागाकडून खरं पत्र आलं तर त्यावर डीआयएन नावाचा ओळख क्रमांक असतो आणि तो विभागाच्या वेबसाइटवर तपासता येतो. कुरिअर कंपनी केवायसी मागते, आधार किंवा पॅन, ते खरं असतं. पण तेही तिच्या स्वतःच्या वेबसाइटवर ट्रॅकिंग नंबर घालून द्या, व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवर नव्हे.

खानापूरच्या गृहस्थांनी शेवटी ऑर्डर दिली. फ्रेम जोडलेला जोड, बिलात भाडं वेगळं. एकोणीस दिवसांनी पार्सल आलं. मुलगी त्याच संध्याकाळी रिंगवर घालून आली आणि पहिल्याच वळणाला पडली, नवा जोड कडक असतो म्हणून. मी म्हटलं, बिल आणि ड्यूटीची पावती फेकू नका.

“आता कशाला? आलं की घरात.”

कारण उद्या ती परदेशात स्पर्धेला गेली आणि हेच स्केट बॅगेतून परत आले, तर विमानतळावरचा अधिकारी विचारू शकतो, हे तिकडून घेतलंत का? महागडी वस्तू घेऊन बाहेर जाताना विमानतळावरच कस्टम्सच्या टेबलावर ती दाखवून निर्यात प्रमाणपत्र घ्यायचं असतं. त्यात वस्तूचं वर्णन आणि नंबर लिहून देतात, आणि परत येताना तेच दाखवलं की दुसऱ्यांदा ड्यूटीचा प्रश्न येत नाही. ते घ्यायला हीच पावती कामाला येते.

दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा स्केटच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात पावतीची झेरॉक्स होती, प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून, वरून सेलोटेप मारून. अस्सल पावती, म्हणाले, देव्हाऱ्याच्या ड्रॉवरमध्ये.